रणजितच्या युनिव्हर्सिटीची मॅच

९ डिसेंबर, सोमवार

रणजित आज बोलला. एरवी बोलतो तसं नाही. पाण्याचे कॅन संपलेत, गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय, तसलं नाही. ऑफिसातून आला आणि बूट न काढता सरळ किचनमध्ये. "मंजू, आम्ही बाउलला चाललो!"

मी खबूस, इथली अरबी रोटी, गरम करत होते. म्हटलं, "कोण आम्ही? कुठे?"

आम्ही म्हणजे त्याची अमेरिकेतली युनिव्हर्सिटी. प्रेअरी स्टेट. तिथे एमएस केलं, दोनच वर्षं राहिला, त्यालाही आता पंधरा वर्षं होतील. तरी अजून 'आम्ही'! तिकडे कॉलेजांचा फुटबॉल सीझन संपला की बरं खेळलेल्या टीम्सना एकेक शेवटची मॅच मिळते. तिला बाउल म्हणतात. बाउल म्हणजे वाडगा. यंदाचा यांचा वाडगा गाद्या विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा आहे. समोर कॅरल्टन युनिव्हर्सिटी. प्रेअरी स्टेटला कित्येक वर्षांत कुणी बोलावलंच नव्हतं म्हणे.

अठ्ठावीस तारखेला, शनिवारी. इथे सौदीत संध्याकाळ असेल.

मी "छान" म्हटलं. खबूस करपला होता, तोच खाल्ला दोघांनी.

१० डिसेंबर

एक पित्ताशय, दोन हर्निया. सगळे झोपले, सगळे उठले. भूल देणाऱ्या डॉक्टरला याहून जास्त काय हवं!

१३ डिसेंबर, शुक्रवार

सुट्टी. नाशिकहून आईचा फोन. खातेस का? खाते. झोपतेस का? झोपते. "रडतेस का गं? रडावं मंजू, मोकळं होतं." आई, नाही येत तर कुठून आणू? असं म्हटलं नाही. पाहुणे आलेत सांगून फोन ठेवला. पाहुणे!

सासूबाई मला रणजितबद्दल विचारतात. त्याला थेट विचारत नाहीत. "तो लहानपणापासून असाच गं. आतल्या आत." आतल्या आत काय ते मला दिसत नाही. खमीसहून परत आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी कामावर गेला. डोळ्यांत एकदाही पाणी नाही. डब्यात भात कमी घाल म्हणाला, एवढंच.

आज दिवसभर लॅपटॉपवर यंदाच्या सगळ्या मॅचेस पुन्हा बघत होता. मी पडदे उघडले नाहीत. त्यालाही लक्षात आलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

लिहून टाकते. एकदाच.

सप्टेंबरात नॅशनल डेची सुट्टी जोडून आम्ही खमीस मुशैतला गेलो होतो. इथे हुफूफ भाजत होतं, तिकडे डोंगर, धुकं, शाल लागेल अशी हवा. सहावा महिना चालू होता. फारच बरं वाटत होतं मला. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात पोटात कळ आली, आणि मग रक्त. वार गर्भाशयापासून सुटली होती. डॉक्टर आहे, कळायचंच. रणजितला म्हटलंसुद्धा, अगदी शांतपणे, "वार सुटलीय, पटकन चल." पुढचं तुटक आठवतं. स्ट्रेचर. छतावरचे दिवे. एक परका भूलतज्ज्ञ माझ्या तोंडावर मास्क धरून म्हणतोय, दीर्घ श्वास घ्या. हेच वाक्य मी रोज म्हणते. घेतला.

जागी झाले तेव्हा रणजित उशाशी होता. मुलगी आहे हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. मी विचारलं, "रडली का?"

तो म्हणाला, "नाही."

मी डोळे मिटून घेतले. नंतर तिथल्या डॉक्टरबाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या, माझा हात धरला. मी म्हटलं, प्लीज, मला काही सांगू नका. जे काय आहे ते माझ्या नवऱ्याला सांगा. इतकी वर्षं प्रॅक्टिस करतेय, आणि स्वतःचा एक कागद पाहिला नाही! दोन दिवसांनी रणजित हॉस्पिटलच्या माणसाबरोबर कुठेतरी जाऊन आला. बुटांना माती लागली होती. तेही विचारलं नाही.

घरी आल्यावर दूध आलं. त्याला कोण सांगणार? गोळ्या घेतल्या. बंद झालं.

बास. परत लिहायचं नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

पुण्याच्या हॉस्पिटलशी व्हिडिओवर बोलणं झालं. फेब्रुवारीत जॉइन व्हा म्हणाले. मी हो म्हटलं. इथलं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीअखेर संपतंय, नवं करणार नाही म्हणून कळवायचं. खलास.

एकटीच जाणार. रणजितचा राग नाही. भांडण तर नाहीच, भांडायला काही तरी वाटावं लागतं. आम्ही दोघं एकाच फ्लॅटमध्ये दोन भाडेकरूंसारखे राहतो. तो त्याचा कप विसळून ठेवतो, मी माझा.

त्याला सांगितलं नाही अजून. मॅच होऊ दे.

१९ डिसेंबर

ऑपरेशन थिएटरमधली नर्स ताजुन्निसा परभणीची. बाकीच्यांशी हिंदी, माझ्याशी मराठी. आज हात धुताना म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमच्यावर ओरडत का नाही हो आता? आधी किती ओरडायच्या!"

"काही चुकलं नाही तुमचं."

"चुकलं की. सकाळी मी ट्रॉली लावलीच नव्हती. तुम्ही स्वतः जाऊन आणली." मग हळूच, "एकदा तरी ओरडा मॅडम. मला बरं वाटेल."

मी हसल्यासारखं केलं. तिने तोंड फिरवलं.

२१ डिसेंबर, शनिवार

आज तीन महिने झाले. मला माहीत होतं. त्याला माहीत आहे की नाही ते कळलं नाही.

दुपारी डायनिंग टेबलवर खजूर मांडून मला खेळ समजावत बसला. मी विचारलं नव्हतं. "हे आपले अकरा, हे त्यांचे अकरा. नाव फुटबॉल असलं तरी चेंडू बहुतेक हातातच. हा मागे उभा आहे ना, तो क्वार्टरबॅक. सगळं त्याच्या डोक्याने चालतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात की परत चार प्रयत्न. नाही गेलात की चेंडू समोरच्यांना."

"आणि दहा यार्डांसाठी एवढी मारामारी?"

"कधी कधी एका यार्डासाठी!" त्याचे डोळे चमकत होते. "आणि पार टोकाला पोचता येईना, तर लांबून लाथ मारून चेंडू त्या दोन खांबांमधून काढायचा. त्याचे तीन गुण."

मी मान डोलवत होते. मनात एकच — आजच्या दिवशी? आजच्या दिवशी तुला हे सुचतंय?

बोलून झाल्यावर त्याने क्वार्टरबॅक खाल्ला. बी ताटलीत ठेवली.

२४ डिसेंबर

काही नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

उद्या सिद्धार्थ येणार मॅच बघायला. रणजितच्या डिपार्टमेंटमधला ज्युनिअर, पुण्याचा. त्याला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण रणजितने बोलावलं म्हणून येतो बिचारा. मुग्धा, त्याची बायको, येणार नाही. "तिला जरा सर्दी आहे, वहिनी." सर्दी! पाचवा लागलाय तिला. महिन्यापूर्वी सुपरमार्केटमध्ये मला लांबून पाहून दुसऱ्या रांगेत वळली तेव्हाच लक्षात आलं माझ्या. मला कळू द्यायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. कळून मला काही झालं नाही हे त्यांना कसं सांगू?

रणजितने कपाटाच्या तळातून युनिव्हर्सिटीचा जुना हिरवा टी-शर्ट काढला. स्वतः इस्त्री केली. पोटावर घट्ट होतो आता.

२९ डिसेंबर, रविवार

काल मॅच झाली. सकाळी काम नव्हतं, म्हणून आत्ता सगळं लिहितेय.

सिद्धार्थ समोसे घेऊन आला. मी चहा केला, वाटीत शेव काढली, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मोबाइल घेऊन बसले. टीव्हीवर हजारो माणसं, बँड, कुणी चेहरे हिरवे रंगवलेले. कुठलंसं थंड गाव, माणसांच्या तोंडातून वाफा. रणजित सोफ्याच्या टोकाला, गुडघ्यांवर कोपर टेकून. मला वाटलं होतं ओरडेल, नाचेल. एकदम गप्प. सिद्धार्थच आपला "सर, हे चांगलं झालं का वाईट?" असं विचारत होता.

कॅरल्टन आधीपासून पुढे. मग प्रेअरी स्टेटने भरून काढलं, मग परत मागे पडले. खरं सांगायचं तर मीही बघायला लागले. खजुरांमुळे थोडं कळत होतं. त्यांचा क्वार्टरबॅक लहानखुरा, पडला की दर वेळी आधी स्वतःचं हेल्मेट चाचपायचा. का कोण जाणे, मी त्याच्याकडेच बघत राहिले.

शेवटी दोन गुण कमी होते आणि घड्याळात काही सेकंद. त्यांनी लाथ मारणाऱ्या मुलाला आत पाठवलं. एकच लाथ. खांबांमधून गेली की तीन गुण, जिंकले. सिद्धार्थसुद्धा उभा राहिला. रणजित बसलेलाच. ओठ हलत होते त्याचे, काहीतरी पुटपुटत होता.

चेंडू उंच गेला. मला वाटलं गेलाच! उजव्या खांबाला लागला. टण्ण. आणि मागे मैदानात पडला.

आणि रणजित रडला.

साधं डोळे पुसणं नाही. आधी नुसता वाकला, कपाळ गुडघ्यांना लागेपर्यंत. मग आवाज आला. तसा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. माणूस असा रडतो तेव्हा काय करावं ते सिद्धार्थला कळेना. "सर... सर, पुढच्या वर्षी..." म्हणाला. माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीतून हलले नाही. "निघतो वहिनी," म्हणाला आणि गेला. त्याची चप्पल उलटी पडली होती, तीही दारातून नीट घालून गेला नाही, अर्धवट पायात घेऊनच.

मी टीव्ही बंद केला. आणि मग माझ्या तोंडून निघालं. ठरवलं नव्हतं.

"तिच्यासाठी नाही रडलास."

त्याने वर पाहिलं. टी-शर्ट ओला झाला होता.

"तीन महिने मी बघतेय. एकदा नाही! एक थेंब नाही! आणि आज एका चेंडूसाठी? परक्या देशातल्या परक्या पोरांसाठी?" मी ओरडत होते. माझाच आवाज मला भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटत होता. "मी पुण्याला चाललेय. फेब्रुवारीत. नोकरी मिळालीय. एकटी जाणार."

तो उठला, समोशांच्या प्लेट्स उचलल्या आणि किचनमध्ये जाऊन धुवायला लागला. एकेक प्लेट, सावकाश. मी बेडरूमचं दार लावलं.

ओरडले खरी. पण ओरडून झाल्यावर आत पुन्हा तेच. काही नाही.

३० डिसेंबर

बोलणं नाही. त्याने पाण्याचे कॅन आणले.

३१ डिसेंबर

ताजुन्निसावर ओरडले. कारण होतं, ड्रॉवरमध्ये ट्यूब नव्हती. ती चक्क खूश झाली! "हां मॅडम!" म्हणत पळाली. मला काही बरंबिरं वाटलं नाही. पुण्याहून मेल आला, जॉइनिंगची तारीख विचारलीय. उत्तर दिलं नाही, उद्या देईन.

२ जानेवारी, गुरुवार

मला लिहायला हवं. शब्द जसेच्या तसे ठेवायला हवेत.

सकाळी रणजित मला सोडायला आला. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, मी दाराला हात घातला, तर म्हणाला, "मंजू, दोन मिनिटं." एसी बंद केला. इंजिन बंद केलं. समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"ती जिवंत होती."

मला वाटलं पेशंटबद्दल बोलतोय. त्याच्याकडे कुठले आले पेशंट? इतकं डोकं चालेना माझं.

"बाहेर काढली तेव्हा जिवंत होती. तुला रक्त चढवत होते, आत सगळे तुझ्यामागे. लहान मुलांचा डॉक्टर आला. फार लहान आहे म्हणाला, काही करता येणार नाही. मला विचारलं, घेता का? मी हो म्हटलं. हिरव्या कापडात गुंडाळून दिली. बाजूच्या खोलीत एक खुर्ची होती. तिथे बसलो."

मी विचारलं, "किती वेळ?" हा मी विचारलेला पहिला प्रश्न. तीन महिन्यांतला पहिला.

"अर्धा तास असेल. जास्तही असेल. घड्याळाकडे बघितलं नाही."

बाहेर एक सिक्युरिटीवाला आमच्याकडे वाकून बघून गेला.

"काय बोलावं कळेना गं. तिला आवाज ऐकू येत असेल तर कुणीतरी बोलायला हवं ना? एक अंगाई आठवेना. शुभं करोति सुरू केलं, मध्येच अडकलो. मग मी तिला आमच्या टीमचं सांगायला लागलो. तेवढंच न अडखळता येत होतं. क्वार्टरबॅक कोण, चार प्रयत्न म्हणजे काय, सगळं. त्या दिवशी शनिवार होता, संध्याकाळी त्यांची मॅच होती. म्हटलं, यंदा पोरं चांगली आहेत, यंदा बाउलला जाणार. डिसेंबरात आपण दोघं बघू."

आता त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्याही नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू जागी झालीस आणि विचारलंस, रडली का? ती रडली नव्हती मंजू. मी खरं तेच सांगितलं. नाही म्हटलं, आणि तू डोळे मिटलेस. मला वाटलं तू उघडशील तेव्हा बाकीचं सांगू. मग तू सगळ्यांना सांगितलंस, मला काही सांगू नका. आणि नंतर... नंतर वाटलं, ती कधी नव्हतीच असं समजून तू निभावतेयस. ते कसं मोडू?"

मी दार उघडलं. म्हटलं, "माझी केस आहे." खरंच होती. आत गेले. हात धुतले. वाळवंटातल्या बदू टोळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना भूल दिली, गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्यांनी माझं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. झोपल्यावर सोडलं.

राग येतोय का? यायला हवा. माझ्या लेकीचा अर्धा तास होता, आणि तो फक्त त्याच्याकडे आहे. मी पलीकडच्या खोलीत होते. भिंतीपलीकडे!

त्याने तो तीन महिने एकट्याने सांभाळला. तेही आहे.

३ जानेवारी, शुक्रवार

पुण्याच्या मेलला उत्तर दिलं नाही.

दुपारी त्याला म्हटलं, "तिचे केस?" तो म्हणाला, होते. काळे, ओले, फार बारीक. "आणि हात?" त्याने स्वतःचा अंगठा पुढे केला, नखावर बोट ठेवलं. म्हणाला, एवढा तळवा. मी आत जाऊन पलंगावर बसले. बसूनच राहिले. बाहेर अजान झाली, मग उठून पडदे उघडले.

५ जानेवारी, रविवार

जेवताना रणजित एकदम थांबला. "एक राहिलं सांगायचं. तिने जांभई दिली मंजू. एकदा नाही, दोन-तीनदा. मी क्वार्टरबॅकचं सांगत होतो आणि तिने हे एवढंसं तोंड उघडलं." सांगताना चेहरा असा झाला होता त्याचा, जणू तेवढं एकच त्याला मिळालंय.

ती जांभई नव्हती. तेवीस आठवडेच झाले होते. फुप्फुसं तयार नसतात. हवा मिळत नाही म्हणून तोंड उघडतं. मला ते ओळखता येतं, माझं कामच आहे ते.

"कंटाळली असणार," मी म्हटलं. "मलाही तो खेळ कंटाळवाणाच वाटतो."

तो हसला. आणि मला रडू आलं.